कॉमर्सवाल्यांना कॉम्प्युटर कशाला?

बारावीचा निकाल लागला की घराघरांत एक सल्ला न मागता मिळतो. मुलगी बी.कॉम.ला किंवा बीबीएला जाणार हे ठरलेलं असतं. जोडीला माहिती प्रणालीचा, म्हणजे इन्फर्मेशन सिस्टिम्सचा विषय घ्यायचा का, असं ती चाचरत विचारते. लगेच उत्तर येतं, "कॉमर्सवाल्यांना कॉम्प्युटर कशाला? लागेल तेवढं नंतर क्लास लावून शिकता येईल." हे काका-मामा म्हणतात तोवर मी समजू शकतो. ते शिकले तेव्हा बँकांत जाडजूड लेजर होती. पण वाणिज्य शाखेत शिकवणारे माझे सहकारी, सीए फर्म चालवणारी अनुभवी माणसं आणि करिअर मार्गदर्शनाच्या व्यासपीठावरचे वक्तेही हेच सांगतात, तेव्हा संताप येतो. कारण चुकीच्या सल्ल्याची किंमत सांगणारा मोजत नाही, ऐकणारी मोजते.

आणि हा सल्ला आज मिळतो आहे, ही त्यातली सर्वांत वाईट गोष्ट. नव्या शैक्षणिक धोरणाची मेजर-मायनर रचना २०२४-२५ पासून महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांतही आली. कॉमर्स मेजर घेणाऱ्याला वेगळ्या विषयातला मायनर रीतसर घेता येतो, त्याचे श्रेयांक पदवीत धरले जातात. माझ्या पिढीला ही सोय नव्हती. ती हाती आली आणि आपण मुलांना सांगतो आहोत, सोपा विषय बघ आणि टक्के वाढव.

विरोधकांचं म्हणणं आधी पूर्ण मांडतो. ते म्हणतात, संगणक हा इंजिनीअरांचा प्रांत आहे. कॉमर्सच्या मुलाने तिकडे डोकावलं तर तो दोन दगडांवर पाय ठेवणार, ना धड हिशेबनीस होणार ना धड प्रोग्रॅमर. टॅली आणि एक्सेल सहा महिन्यांच्या क्लासमध्ये येतात, त्यासाठी पदवीचे श्रेयांक का घालवायचे? कंपनीत आयटीचा वेगळा विभाग असतो, प्रणाली सांभाळायचं काम त्याचं. सीए करायचं असेल तर आधीच वेळ पुरत नाही. महाविद्यालयांत हा विषय शिकवतात तोही भिकार. आणि आता एआय आलं आहे, पुढच्या काही वर्षांत हे सगळं यंत्रच करेल. एवढं बोलून झालं की विषय संपला, असा त्यांचा चेहरा असतो.

विषय संपलेला नाही.

संगणक इंजिनीअरांचा, हे पहिलं गृहीतकच इतिहासाला धरून नाही. धंद्याच्या रोजच्या कामासाठी पहिला संगणक चालवला तो लंडनच्या जे. लायन्स अँड कंपनीने, १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये. ही कंपनी चहाची दुकानं चालवायची, केक-पाव विकायची. लहान लहान रकमांच्या असंख्य विक्रींचा हिशेब ठेवणाऱ्या कारकुनी कामाचा खर्च कसा आवरायचा, हा तिच्या कचेरीपुढचा प्रश्न होता. केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक यंत्राच्या धर्तीवर तिने स्वतःचं यंत्र बांधून घेतलं, त्याला लिओ नाव दिलं आणि त्याच्याकडे पहिलं नियमित काम सोपवलं ते बेकरीतल्या मालाच्या मूल्यांकनाचं. पगारपत्रकं त्यानंतर आली. आपल्याकडे १९६८ साली टीसीएस सुरू झाली, तेव्हा तिच्या सुरुवातीच्या कामांत सेंट्रल बँकेच्या शाखांमधल्या परस्पर व्यवहारांचा मेळ घालून देण्याचं काम होतं. बँकेतल्या कुठल्याही जुन्या हिशेबनिसाला विचारा, हा मेळ म्हणजे काय दुखणं होतं ते.

आणि स्प्रेडशीट कुणी दिली? डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये एमबीए करत होता. प्रोग्रॅमिंग त्याला आधीपासून येत होतं. वर्गातल्या फळ्यावर आकड्यांचा मोठा तक्ता असायचा आणि त्यातला एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहावे लागायचे. बॉब फ्रँक्स्टनला सोबत घेऊन त्याने १९७९ साली व्हिसिकॅल्क बाजारात आणलं. आज प्रत्येक अकाउंट्स विभाग ज्या एक्सेलवर चालतो त्याचा हा पूर्वज. नुसत्या प्रोग्रॅमरला ही गरज दिसली नसती, नुसत्या एमबीएला ती भागवता आली नसती. दोन दगडांवर पाय ठेवणाऱ्या माणसाने हे करून दाखवलं. मग आमच्या मुलांना कुठल्या अनुभवावरून घाबरवायचं?

आता क्लासचं बोलू. माहिती प्रणाली म्हणजे टॅली, एमएस-सीआयटी किंवा प्रोग्रॅमिंग असं समजणाऱ्यांनी या विषयाचं एकही बरं पुस्तक उघडलेलं नसतं. क्लासमध्ये मुलगा शिकतो की एफ-८ दाबलं की विक्रीचं व्हाउचर उघडतं, एफ-९ दाबलं की खरेदीचं. हे यायला हवं, त्याची किंमत मी कमी करत नाही. पण खरेदीची नोंद करणारा आणि पैसे द्यायला मंजुरी देणारा एकच माणूस असेल तर काय होतं, हे क्लास सांगत नाही. खरेदीची ऑर्डर, माल गोदामात उतरल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल, या तिन्हींचा मेळ बसल्याशिवाय पैसे सुटू नयेत असा बंदोबस्त प्रणालीत कसा करायचा, तो बंदोबस्त कोण बाजूला सारू शकतो, सारला तर त्याची खूण राहते का, एका सॉफ्टवेअरमधली माहिती दुसऱ्यात जाताना वाटेत काय गळतं, हे माहिती प्रणालीचे प्रश्न आहेत. यातला एक तरी प्रश्न हिशेबाच्या बाहेरचा आहे का?

इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या किंवा कोल्हापूरच्या फाउंड्रीच्या कचेरीत जाऊन बसा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. ऑक्टोबर २०२० मध्ये ई-इनव्हॉइस आलं, तेव्हा ते ५०० कोटींवरच्या उलाढालीसाठी होतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या धंद्यालाही लागू झालं. म्हणजे बिल छापून हातात दिलं की झालं, हे दिवस मध्यम धंद्यांपुरते संपले. बिलाची माहिती ठरलेल्या साच्यात सरकारी पोर्टलवर जाते, तिथून नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड येतो, ती माहिती विकणाऱ्याच्या जीएसटीआर-१ मध्ये उतरते आणि घेणाऱ्याच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसते. तिथे दिसली नाही तर घेणाऱ्याला भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. पार्टीचा जीएसटी क्रमांक मास्टरमध्ये एका अक्षराने चुकला तर बिल खरं, माल खरा, पैसे दिलेले खरे, तरी क्रेडिट अडकतं. महिनाअखेरीला अकाउंटंट मुलं याच विसंगती शोधत बसतात. त्यांच्यापैकी ज्याला डेटाबेस म्हणजे काय हे कळतं, तो दोन याद्या जोडून काही मिनिटांत चुकलेल्या नोंदी बाजूला काढतो. ज्याला कळत नाही, तो रात्री उशिरापर्यंत एकेक ओळीवर टिक करत राहतो. दोघांकडे पदवी एकच असते. दुसऱ्याला हा विषय घेऊ नकोस असं कुणी सांगितलं होतं?

"प्रणाली आयटी विभागाने सांभाळावी" या युक्तिवादाने तर या देशाचं प्रत्यक्ष नुकसान केलं आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण बाहेर आलं. मुंबईतल्या ब्रॅडी हाउस शाखेतून नीरव मोदी आणि मेहुल चोक्सी यांच्याशी संबंधित कंपन्यांसाठी वर्षानुवर्षं हमीपत्रं जात होती. आकडा १३ हजार कोटींच्या पुढे गेला. हे कसं जमलं? हमीपत्रांचे संदेश स्विफ्ट या यंत्रणेवरून जात होते आणि बँकेचे हिशेब कोअर बँकिंगमध्ये राहत होते. दोन्ही यंत्रणा एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. स्विफ्टवरून संदेश पाठवायचा आणि कोअर बँकिंगमध्ये नोंदच करायची नाही, एवढ्यावर सगळं निभावलं. कुणी पासवर्ड फोडला नव्हता, कुणी व्हायरस सोडला नव्हता. आज स्विफ्टवरून गेलेले संदेश इतके, कोअर बँकिंगमध्ये त्यांच्या नोंदी इतक्या, दोन्ही जुळतात का? रोज संध्याकाळी हा एक प्रश्न विचारला गेला असता तरी पुरे होतं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०१६ पासून स्विफ्टच्या गैरवापराबद्दल बँकांना किमान तीनदा सावध केलं होतं, असं तिनेच नंतर सांगितलं. दोन यंत्रणा जोडण्यासाठी ३० एप्रिल २०१८ ही मुदत पडली ती घडायचं ते घडून गेल्यावर.

हा प्रश्न कुणी विचारायचा होता? आयटी विभागाने? त्याच्या दृष्टीने दोन्ही यंत्रणा ठणठणीत चालत होत्या. सर्व्हर बंद पडला नव्हता, संदेश वेळेवर जात होते. हमीपत्र गेलं म्हणजे बँकेवर देणं आलं आणि देणं आलं म्हणजे पुस्तकात नोंद हवी, हे कॉमर्स शिकलेल्या माणसाला माहीत असतं. पण संदेश एका यंत्रणेतून जातो आणि नोंद दुसरीत राहते, मध्ये पूल नाही, हे त्याला माहीत नव्हतं किंवा ते बघणं त्याला आपलं काम वाटलं नाही. तपासण्या होत राहिल्या आणि भोक तसंच राहिलं. आयटीवाल्याला देणं कळत नाही, कॉमर्सवाल्याला यंत्रणा कळत नाही. घोटाळा करणाऱ्याला मात्र दोन्ही कळतं.

त्याआधी सत्यम या आयटी कंपनीचं प्रकरण होतंच. जानेवारी २००९ मध्ये तिचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी हिशेब फुगवल्याचं कबुलीपत्र लिहिलं. सीबीआयच्या तपासात ७,५६१ बनावट इनव्हॉइस निघाली. बिलांच्या प्रणालीत विशेष अधिकाराने शिरून ती घातली होती आणि नेहमीच्या कर्मचाऱ्यांना दिसणार नाहीत अशी लपवलेली होती. वापरणाऱ्यांपैकी कुणाला किती अधिकार आहेत, याची यादी मागणं हे माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणातलं अगदी पहिल्या पायरीचं काम. अशा लेखापरीक्षकांसाठीची सीआयएसए परीक्षा कित्येक दशकांपासून जगात घेतली जाते. आमच्या वाणिज्य विभागांत आजही तिचं नाव ऐकलेलं नसलेले प्राध्यापक आहेत, हे मी खेदाने लिहितो.

कायद्याने आता या सगळ्याला वाव ठेवलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून प्रत्येक कंपनीच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिलीच पाहिजे, ती बंद करता येता कामा नये, आणि ती वर्षभर चालू होती का हे लेखापरीक्षकाने अहवालात लिहायचं आहे. जुने हिशेबनीस शिकवायचे की कीर्दीत खोडाखोड करायची नाही, चुकलं तर रेघ मारून शेजारी सही करायची. तेच तत्त्व आहे. फरक इतकाच की खोडलेलं तेव्हा डोळ्यांना दिसायचं. आता सॉफ्टवेअरच्या दारातून न जाता थेट डेटाबेसमध्ये शिरून आकडा बदलता येतो आणि वरच्या पडद्यावर त्याची खूण उमटत नाही. म्हणूनच २०२३-२४ च्या कितीतरी लेखापरीक्षण अहवालांत "डेटाबेस पातळीवर बदलांची नोंद चालू नव्हती" असे शेरे आले. हे वाक्य लिहिणाऱ्याला डेटाबेस पातळी म्हणजे काय हे कळायला नको? की त्याने आयटी विभागाला विचारून, त्यांनी हो म्हटलं म्हणून सही ठोकायची? ज्याची तपासणी करायची त्याच्याच शब्दावर विसंबायचं, असं ऑडिटिंगच्या कुठल्या पुस्तकात लिहिलं आहे?

सीए करणाऱ्यांकडे वेळ नाही, हे कारण मला सर्वांत दुबळं वाटतं. सीए संस्थेच्या २०१७ च्या योजनेत इंटरमीजिएटला एका पेपरचा अर्धा भाग एंटरप्राइझ इन्फर्मेशन सिस्टिम्सचा होता. २०२३ च्या नव्या योजनेत तो त्या रूपात उरला नाही. आयटीचं प्रशिक्षण मात्र सक्तीचं आहे, आणि पात्र झालेल्या सीएंसाठी माहिती प्रणालीच्या लेखापरीक्षणाचा वेगळा अभ्यासक्रम संस्था चालवते. म्हणजे सीए झाल्यावर हे शिकावं लागतं, हे संस्थेला मान्य आहे. मग पदवीच्या तीन वर्षांत, डोकं ताजं असताना आणि श्रेयांक मिळत असताना शिकलं तर वेळ वाया जातो की वाचतो? आणि जे सीए होणार नाहीत, म्हणजे कॉमर्सच्या वर्गातली बहुसंख्य मुलं, त्यांना हे नंतर कोण शिकवणार आहे?

शिकवणं भिकार आहे, हा एकच आक्षेप मी मान्य करतो. पुष्कळ ठिकाणी सी-प्लस-प्लसचे प्रोग्रॅम गाइडमधून पाठ करून घेतात आणि त्यांचा हिशेबाशी संबंध कुणी दाखवत नाही. पण अकाउंटन्सीसुद्धा पुष्कळ ठिकाणी भिकारच शिकवली जाते. अॅडजस्टमेंटच्या युक्त्या घोकून पेपर सुटतात आणि पदवीधराला खऱ्या कंपनीचा ताळेबंद वाचता येत नाही. म्हणून अकाउंटन्सी सोडा असं कुणी म्हटलं आहे? वाईट शिकवणाऱ्याला जाब विचारायचा असतो. आपण मात्र शिकणाऱ्यालाच वर्गाबाहेर काढतो आहोत.

राहिलं एआय. यंत्र सगळं करेल, मग शिकायचं कशाला, असं म्हणणाऱ्यांनी ब्रिटनच्या पोस्ट ऑफिसचं प्रकरण मुळातून वाचावं. तिथे १९९९ पासून होरायझन ही फुजित्सू कंपनीची हिशेबप्रणाली शाखांमध्ये बसवली गेली. शाखा चालवणारे सबपोस्टमास्टर बहुतेक ठिकाणी साधे दुकानदार होते. दिवसाचा हिशेब मिटवताना पडद्यावर तूट दिसायची, प्रत्यक्षात पैसे कुठेच गेलेले नसायचे. पोस्ट ऑफिसचं उत्तर ठरलेलं होतं, प्रणाली बरोबर आहे, पैसे तुम्ही घेतले. ९०० हून अधिक माणसं दोषी ठरली. काही तुरुंगात गेली, काहींनी न घेतलेले पैसे भरण्यासाठी होतं नव्हतं ते विकलं, काहींनी जीव दिला. संगणक उलट पुरावा येईपर्यंत बरोबरच चालतो असं धरून चालायची तिथल्या न्यायालयांची रीत होती, आणि उलट पुरावा गावातल्या दुकानदाराने आणायचा कुठून? २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की प्रणालीत दोष होते आणि फुजित्सूचे कर्मचारी शाखेच्या हिशेबात दुरून बदल करू शकत होते. हीच गोष्ट पोस्ट ऑफिस वर्षानुवर्षं नाकारत आलं होतं. २०२४ मध्ये संसदेला कायदा करून शेकडो शिक्षा एकदम रद्द कराव्या लागल्या.

सदोष प्रोग्रॅम लिहिले इंजिनीअरांनी, हे खरं. पण पडद्यावरच्या तुटीला तूट मानून वसुली लावली, खटले भरले ते व्यवस्थापकांनी आणि तपासनिसांनी. या आकड्यात आमच्या नकळत कोण हात घालू शकतं, हा प्रश्न त्यांच्यापैकी वेळेवर कुणी लावून धरला नाही. एआय आल्यावर हा प्रश्न कमी होणार आहे की वाढणार आहे? होरायझनच्या पडद्यावर निदान नुसता आकडा यायचा. आताचं यंत्र आकड्यासोबत सफाईदार भाषेत कारणंही देतं. त्याच्याकडे माहिती कुठून आली, ती पुरी आहे का, कुणी बदलली, हे तपासणारा माणूस उद्या आजच्यापेक्षा जास्त लागणार आहे. ते काम कॉमर्सच्या पदवीधराचं आहे, कारण आकड्याची जबाबदारी त्याची आहे, सही त्याची आहे.

म्हणून माझं म्हणणं पुन्हा सांगतो आणि त्यात पाणी घालणार नाही. रोजकीर्द, खतावणी, बिल, विवरणपत्र, सगळं प्रणालीत गेलेलं असताना प्रणाली न शिकवता दिलेली वाणिज्य पदवी अर्धी पदवी आहे. माहिती प्रणालीला जोडविषय म्हणतात ते सोयीपुरतं. तो हिशेबशास्त्राचाच आजचा भाग आहे आणि तो टाळायला सांगणारे विद्यार्थ्यांचं अहित करत आहेत, मग ते कितीही मायेने सांगत असोत.

प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना आणि त्यांच्या आईवडिलांना विनंती आहे. महाविद्यालयात गेल्यावर मायनरच्या यादीत माहिती प्रणाली आहे का ते विचारा. असेल तर अभ्यासक्रम मागून वाचा. त्यात डेटाबेस, ईआरपी (कंपनीचे सगळे विभाग एकत्र जोडणारी प्रणाली), अंतर्गत नियंत्रण आणि प्रणालीचं लेखापरीक्षण आहे का, शिकवणाऱ्याला हिशेब येतो का, प्रयोगशाळेत खऱ्या व्यवहारांवर काम करून घेतात का, हे स्पष्ट विचारून घ्या. समाधान झालं तर निःशंक घ्या. यादीत विषयच नसेल तर वर्गातल्या दहा-बारा जणांच्या सह्या घेऊन प्राचार्यांकडे लेखी मागणी करा. आणि कॉमर्सवाल्यांना कॉम्प्युटर कशाला असं जो कुणी म्हणेल, त्याला विचारा की तुम्ही शेवटची सही केलीत त्या आकड्यामागची नोंद तुम्ही स्वतः पाहिली होती का.